विश्लेषण : विद्यापीठाचा ‘नेट झिरो’ फाटकापाशीच का थांबतो?

प्रवेशाचा हंगाम आला की पिंपळे सौदागरच्या शिवार चौकापासून कोकणे चौकापर्यंत शिक्षणसंस्थांच्या जाहिराती झळकू लागतात. नोकरीची हमी, परदेशी विद्यापीठांशी करार, वातानुकूलित वर्ग यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक ओळ दिसते : ‘हरित कॅम्पस’, ‘कार्बन न्यूट्रल’ किंवा ‘नेट झिरोच्या दिशेने’. या शब्दांचा अर्थ काय, त्यामागचा हिशेब कसा मांडला जातो आणि त्यात काय धरले जात नाही, याचा हा आढावा.

विद्यापीठांना हवामानाची उद्दिष्टे कशासाठी?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्यातील तेरावे उद्दिष्ट हवामानविषयक कृतीचे आहे. भारताने २०७० पर्यंत ‘नेट झिरो’ होण्याचे जाहीर केले आहे. म्हणजे आज पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेला विद्यार्थी तेव्हा साठी ओलांडून गेलेला असेल. त्याचा सगळा नोकरी-व्यवसायाचा काळ या बदलातच जाणार आहे.

बदल दूरचा नाही, हे सांगणारी संस्थाही पुण्यातच आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला भारताविषयीचा हवामान अहवाल सांगतो की, १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले.

विद्यापीठांवर दबाव तीन बाजूंनी येतो. पहिली बाजू मूल्यांकनाची. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे ‘नॅक’च्या सातव्या निकषात पर्यावरणविषयक कामाला गुण ठेवले गेले. ऊर्जा परीक्षण, हरित परीक्षण, कचरा व्यवस्थापन, पर्जन्यजल साठवण हे शब्द महाविद्यालयांच्या कागदपत्रांत रुळले ते त्यामुळे. दुसरी बाजू विद्यापीठ अनुदान आयोगाची. आयोगाने पर्यावरणस्नेही कॅम्पससाठी ‘सतत’ या नावाचा आराखडा दिला. तिसरी बाजू जागतिक क्रमवारीची. ‘टाइम्स हायर एज्युकेशन’ने २०१९ पासून शाश्वत विकास उद्दिष्टांवर आधारलेली क्रमवारी सुरू केली आणि ‘क्यूएस’नेही नंतर तशीच क्रमवारी आणली.

पर्यावरण शिक्षणाचा धागा याहून जुना आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांतून पुढे पदवी स्तरावर पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आला. मात्र विषय शिकवणे वेगळे आणि स्वतःच्या वीजबिलाचा, डिझेलचा, गाड्यांचा हिशेब देणे वेगळे. आता प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा आहे.

‘नेट झिरो’ म्हणजे शून्य उत्सर्जन का?

नाही. जेवढा हरितगृह वायू हवेत जातो, तेवढाच शोषला गेला किंवा अन्य मार्गाने काढून घेतला गेला, म्हणजे जमा-खर्च शून्यावर आला, तर त्याला ‘नेट झिरो’ म्हणतात. मुख्य भर उत्सर्जन घटवण्यावर असावा आणि जे काही केल्या टाळता येत नाही तेवढ्याचीच भरपाई व्हावी, अशी त्यामागची अपेक्षा. ‘कार्बन न्यूट्रल’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. त्यात उत्सर्जन फारसे न घटवता बाहेरून भरपाई विकत घेण्यालाही जागा राहते.

हा जमा-खर्च मांडण्याची जगभर मान्य असलेली पद्धत उत्सर्जनाचे तीन कप्पे करते. पहिला कप्पा संस्थेने स्वतः जाळलेल्या इंधनाचा : जनरेटरचे डिझेल, वसतिगृहाच्या भटारखान्यातला गॅस, संस्थेच्या मालकीच्या बस. दुसरा कप्पा विकत घेतलेल्या विजेचा. वीज वापरली कॅम्पसमध्ये, पण तिच्यासाठी कोळसा जळला दूरच्या औष्णिक केंद्रात. तिसऱ्या कप्प्यात उरलेले सगळे येते : विद्यार्थी-प्राध्यापकांचा रोजचा प्रवास, परिषदांसाठीची विमाने, नव्या इमारतींचे सिमेंट आणि लोखंड, प्रयोगशाळेची उपकरणे, कंत्राटदाराच्या गाड्या, बाहेर जाणारा कचरा.

पहिले दोन कप्पे मोजायला सोपे आहेत. बिले लेखा विभागात असतातच. तिसरा कप्पा मोजण्यासाठी हजारो लोकांना विचारावे लागते की, तुम्ही कुठून येता आणि कशाने येता. म्हणून बहुतेक घोषणा पहिल्या दोन कप्प्यांपाशी थांबतात.

छतावरच्या सौरऊर्जेने किती फरक पडतो?

फरक पडतो आणि तो मोजताही येतो. एक मेगावॉट क्षमतेच्या सौर संचाला ढोबळमानाने १०,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे एक लाख चौरस फूट मोकळे छत लागते. महाराष्ट्रातील उन्हात असा संच वर्षाला साधारण १४ लाख युनिट वीज देतो. देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची आकडेवारी सांगते. दोन्हींचा गुणाकार केला तर एक मेगावॉटमागे वर्षाला सुमारे १,००० टन उत्सर्जन टळते.

छप्पर अपुरे असेल तरी मार्ग आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी बाहेरून हरित वीज विकत घेण्यासाठी लागणारी किमान मागणी एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. त्यामुळे ही सोय मध्यम आकाराच्या महाविद्यालयांच्याही आवाक्यात आली. जुन्या वास्तू, गर्द झाडी किंवा उंच शेजारी इमारतींची सावली असलेल्या कॅम्पससाठी हा पर्याय महत्त्वाचा ठरतो.

या कामाचा खर्च काही वर्षांत वीजबिलातून वसूल होतो. म्हणून संस्था सर्वात आधी सौरऊर्जेकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे येते.

मग हिशेबातून निसटते काय?

रस्ता. पिंपळे सौदागर पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. येथून गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ सात-आठ किलोमीटरवर. रक्षक चौक, मुळेवरचा राजीव गांधी पूल, औंध, ब्रेमेन चौक आणि मग विद्यापीठ चौक, असा रोजचा रस्ता. तेवढ्याच अंतराच्या टप्प्यात पिंपरी, आकुर्डी, वाकड, ताथवडे येथील महाविद्यालये येतात.

एक साधे गणित करून पाहता येईल. जाऊन-येऊन १५ किलोमीटर, स्कूटर लिटरमागे ४५ किलोमीटर चालते आणि एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे धरू. मग दिवसाला पाऊण किलो आणि वर्षातील २०० दिवसांत सुमारे १५० किलो उत्सर्जन एका विद्यार्थ्याच्या नावावर पडते. असे साडेसहा हजार विद्यार्थी दुचाकीवरून येत असतील, तर एक मेगावॉट सौर संचाने वाचवलेले १,००० टन रस्त्यावरच संपतात. एकट्याने मोटार चालवणाऱ्याचे उत्सर्जन किलोमीटरमागे स्कूटरच्या साधारण तिप्पट असते.

म्हणजे छतावरचे पॅनेल निरुपयोगी ठरत नाहीत. पण वाहनतळ दरवर्षी मोठा करणारे आणि छतावर पॅनेल लावणारे कॅम्पस एका हाताने कमावते आणि दुसऱ्या हाताने घालवते. आणि घालवलेले ताळेबंदात दिसत नाही, कारण ते विद्यार्थ्याच्या पेट्रोलच्या पावतीवर असते.

ही पळवाट केवळ इथली नाही. अमेरिकेतील अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने २०२५ चे लक्ष्य ठेवले होते आणि २०१९ या आर्थिक वर्षातच कार्बन न्यूट्रल झाल्याचे जाहीर केले. त्या हिशेबात वाहतूक धरलेली नव्हती. वाहतुकीसाठी वेगळे, २०३५ चे लक्ष्य ठेवले गेले. या उदाहरणातले घेण्यासारखे हे की, काय धरले आणि काय वगळले ते स्पष्ट सांगितले गेले. वगळलेल्या भागालाही तारीख दिली गेली.

संलग्न महाविद्यालयांचे काय?

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांपुढे आणखी एक पेच आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. त्याचा गणेशखिंडीतील परिसर ४११ एकरांचा, दाट झाडीचा. पण विद्यापीठ म्हणजे एवढेच नव्हे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील शेकडो महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. बहुसंख्य विद्यार्थी शिकतात ते तिथे.

हरित लक्ष्य फक्त मुख्य परिसरापुरते ठेवले तर ते गाठणे तुलनेने सोपे, कारण जागा मोठी आणि झाडे भरपूर. महाविद्यालये धरली तर चित्र पालटते. भाड्याच्या इमारतीतील संस्था, छप्पर नसलेली संस्था, रुग्णालय चालवणारे वैद्यकीय महाविद्यालय आणि शेतात उभे राहिलेले ग्रामीण महाविद्यालय यांना एकच मोजपट्टी लावता येत नाही. रुग्णालयाची यंत्रे आणि वातानुकूलन रात्रंदिवस चालते. तिथली वीज कला महाविद्यालयाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

खासगी आणि अभिमत विद्यापीठांना संलग्न महाविद्यालयांचा हा व्याप नसतो. म्हणून दोन विद्यापीठांच्या घोषणा शेजारी ठेवताना आधी पाहावे लागते ते हे की, ‘विद्यापीठ’ या शब्दात दोघांनी काय काय धरले आहे.

झाडे लावून भरपाई होते का?

वृक्षारोपणाचे छायाचित्र प्रत्येक वार्षिक अहवालात असते. एक वाढलेले झाड वर्षाला साधारण २० ते २५ किलो कार्बन डायऑक्साइड शोषते, असा ढोबळ अंदाज वापरला जातो. त्या हिशेबाने १,००० टनांसाठी ४० ते ५० हजार वाढलेली झाडे लागतील. रोपे नव्हे, वाढलेली झाडे. जून-जुलैत लावलेले रोप मेमध्ये जिवंत आहे का, हे विचारल्याशिवाय वृक्षारोपणाचा आकडा हवामानाच्या हिशेबात धरता येत नाही.

झाडांचे मोल अर्थात कार्बनपुरते नाही. सावली, जमिनीत मुरणारे पाणी, पक्षी, थंडावा हे शहराला हवेच आहे. विद्यापीठाच्या शेजारचे गणेशखिंड उद्यान २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाले, ते त्यातील जुन्या वृक्षसंपदेसाठी. म्हणूनच नव्या इमारतीसाठी जुने झाड तोडून दहा रोपे लावली, तर कागदावरची बेरीज जुळते, प्रत्यक्षातली जुळत नाही.

प्रत्यक्ष जमलेले काही आहे का?

आहे, आणि ते महाराष्ट्रातलेच आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा. उन्हाळ्यात पाण्याची ओढ होती. विद्यापीठाने आपल्याच आवारात पडणारा पाऊस अडवायला सुरुवात केली. तळ्यांतील गाळ, विहिरी, उतारावरून वाहून जाणारे पाणी आणि शेततळी यांवर काम केले. आवारात साठलेले पाणी शुद्ध करून वापरात आणले आणि बाहेरून घ्याव्या लागणाऱ्या पाण्यावरचे अवलंबित्व घटवले. २०१९ च्या महापुरात शहराची पाणीउपसा केंद्रेच पाण्याखाली गेली, तेव्हा विद्यापीठाचे पाणी शहरातील लोकांच्याही कामी आले.

हे उदाहरण कार्बनचे नाही, पाण्याचे आहे. तरीही ते उपयोगी आहे, कारण त्यात प्रगतीची खूण साधी आहे : बाहेरून येणारे पाणी किती घटले. पुरस्कार किंवा फलक न पाहताही ते पाणीपट्टीच्या बिलावर दिसते.

पिंपरी-चिंचवडला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. शहराला पवना धरणातून पाणी मिळते आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. पिंपळे सौदागरच्या अनेक सोसायट्यांच्या देखभाल खर्चात टँकरचा वाटा मोठा असतो. वसतिगृहे असलेले शैक्षणिक संकुल याच पाण्यातले वाटेकरी आहे. त्याने पाऊस अडवला आणि सांडपाणी शुद्ध करून बागेला, स्वच्छतागृहांना वापरले, तर तेवढे पाणी आणि तेवढे टँकर शेजाऱ्यांसाठी मोकळे होतात.

पुण्यात या विषयावर संस्थात्मक कामही झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमात काम केलेले राजेंद्र शेंडे यांच्या पुढाकाराने टेरे पॉलिसी सेंटरने ‘स्मार्ट कॅम्पस क्लाऊड नेटवर्क’ उभे केले. वीज, पाणी, कचरा यांची मोजदाद कॅम्पसमध्ये विद्यार्थ्यांच्या सहभागातून व्हावी आणि संस्थांनी एकमेकांकडून शिकावे, ही त्यामागची कल्पना.

उद्योगांना सक्ती, विद्यापीठांना का नाही?

चाकण-पिंपरी पट्ट्यातील विद्यार्थ्यांसाठी ही तुलना महत्त्वाची आहे. ‘सेबी’ने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. त्यात पहिल्या दोन कप्प्यांतील उत्सर्जन द्यावे लागते. युरोपीय संघाचा पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट आदींच्या आयातीवरील कार्बन शुल्काचा मुख्य टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. मोठ्या कंपनीने हिशेब द्यायचा म्हटले की ती तो आपल्या पुरवठादारांकडे मागते. त्यामुळे भोसरीतील छोट्या सुट्या भागांच्या कारखान्यालाही युनिट आणि डिझेलची नोंद ठेवावी लागते.

विद्यापीठांवर असे उत्सर्जन जाहीर करण्याचे कायदेशीर बंधन नाही. मूल्यांकनात विचारणा होते, आराखडे सुचवले जातात, पण दरवर्षी ठरावीक नमुन्यात आकडे लोकांपुढे ठेवण्याची सक्ती नाही. परिणामी, कारखान्यात कार्बनचा हिशेब मांडू शकणारी माणसे हवी आहेत आणि ती जिथे घडायची त्या संस्थेचा स्वतःचा हिशेब बहुतेकदा विद्यार्थ्यांनी पाहिलेलाच नसतो. कॅम्पसचा ताळेबंद विद्यार्थ्यांकडूनच करून घेतला, तर प्रात्यक्षिकाचा खर्च न वाढवता ही दरी भरून निघू शकते.

क्रमवारीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. ‘टाइम्स’च्या प्रभाव क्रमवारीत एकूण गुणांसाठी सतरावे उद्दिष्ट अनिवार्य आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांची तीन उद्दिष्टे, अशी रचना राहिली आहे. आरोग्य, शिक्षण आणि लिंगभाव समानता या विषयांत चांगले गुण मिळवणारे विद्यापीठ हवामानाचे गुण न धरताही वरच्या स्थानावर येऊ शकते. तेव्हा ‘शाश्वत विकासात अमुक क्रमांक’ असे वाचले की तेराव्या उद्दिष्टाचे गुण वेगळे पाहावेत.

प्रगती खरी की कागदावरची, कसे ओळखावे?

विद्यार्थी आणि पालकांनी पाच गोष्टी विचाराव्यात.

पहिली, आधार वर्ष कोणते? ‘३० टक्के घट’ कोणत्या वर्षाच्या तुलनेत, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. मार्च २०२० नंतर करोनामुळे महाविद्यालये दीर्घकाळ बंद होती. त्या वर्षी वीज आणि डिझेल आपोआप घटले. ती घट कामगिरी म्हणून दाखवली जात नाही ना, हे पाहावे.

दुसरी, घट एकूण आहे की विद्यार्थ्यामागे? विद्यार्थिसंख्या दुप्पट झाली तर दरडोई आकडा खाली येऊन एकूण उत्सर्जन वाढलेले असू शकते. दोन्ही आकडे हवेत.

तिसरी, तीनपैकी कोणते कप्पे धरले? तिसरा कप्पा वगळला असेल तर तो कधी धरणार, याची तारीख आहे का?

चौथी, जे कायद्यानेच करावे लागते तेच ‘उपक्रम’ म्हणून सांगितले आहे का? मोठ्या बांधकामाला पर्जन्यजल साठवण, मोठ्या संकुलाला ओल्या कचऱ्याची जागेवर विल्हेवाट हे नियमांतच आहे. ते पाळणे आवश्यक आहे, पण ते हवामान उद्दिष्टाची पूर्ती नव्हे.

पाचवी, मधला टप्पा कोणता? २०५० किंवा २०७० चे लक्ष्य ठेवणाऱ्या संस्थेने पुढच्या दोन-तीन वर्षांत काय करणार आणि मागच्या वर्षी काय साधले नाही, हेही सांगायला हवे. अपयशाची एकही ओळ नसलेला अहवाल जपूनच वाचावा.

रस्त्याचा प्रश्न विद्यापीठ एकटे सोडवू शकते का?

नाही. बस ‘पीएमपी’ची, रस्ता महापालिकेचा, मेट्रो आणखी दुसऱ्या यंत्रणांची. पिंपळे सौदागरच्या कडेने जाणाऱ्या सांगवी-किवळे मार्गावर २०१५ पासून बीआरटी आहे. ‘पीएमपी’च्या ताफ्यात २०१९ पासून विद्युत बस आल्या. पिंपरीहून स्वारगेटला जाणाऱ्या मेट्रोचे नाशिक फाट्याचे स्थानक पवनेपलीकडे आहे. हिंजवडी-शिवाजीनगर हा २३ किलोमीटरचा मेट्रो मार्ग विद्यापीठाजवळून जातो. साधने आहेत. ती घरापासून वर्गापर्यंत जोडली गेलेली नाहीत. स्थानकापर्यंतचा दीड-दोन किलोमीटरचा तुकडा तुटला की विद्यार्थी स्कूटरची किल्ली उचलतो.

मात्र विद्यापीठाच्या हातात काहीच नाही, असेही नाही. विद्यार्थी कोणत्या भागातून किती वाजता येतात, ही माहिती प्रवेश अर्जांत आणि वेळापत्रकांत पडून असते. ती ‘पीएमपी’ला दिली तर बसच्या वेळा तासिकांशी जुळवता येतात. बसचा पास शुल्कासोबतच देता येतो. मोटारीच्या वाहनतळाला शुल्क लावून त्या पैशातून स्थानक ते कॅम्पस फेरी बस चालवता येते. आठवड्यातले सगळे तास चार दिवसांत बसवले तर पाचव्या दिवसाचा प्रवासच वाचतो. भरलेल्या बसमध्ये माणशी उत्सर्जन स्कूटरच्या निम्म्याहूनही कमी असते. शिवाय सकाळी रक्षक चौकातल्या कोंडीत कॉलेजला जाणारा आणि हिंजवडीला निघालेला दोघेही अडकतात. विद्यार्थी बसमध्ये गेला तर रस्ता दोघांचाही मोकळा होतो.

यातल्या एकाही उपायासाठी २०७० ची वाट पाहावी लागत नाही. लागतो तो एक सर्वेक्षणाचा अर्ज : तुम्ही कुठून येता आणि कशाने येता? जे विद्यापीठ हा प्रश्न दरवर्षी विचारते आणि उत्तराचे आकडे फाटकावर लावते, त्याच्या ‘नेट झिरो’वर विश्वास ठेवायला जागा आहे.